नाद पर्ड्यूचा

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला आपल्या टीमसाठी घसा फोडायला कुणी शिकवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची फुटबॉल मॅच असली की आमच्या गल्लीतली निम्मी शटरं खाली यायची. पुढं आठवडाभर चहाच्या गाड्यावर तोच विषय. त्यामुळं २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी पीएच.डी.साठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात दाखल झालो, तेव्हा नाद लागायची पूर्वतयारी अंगात होतीच. बास्केटबॉल मात्र अजिबात कळत नव्हता. शाळेत एक रिंग होती, तिला जाळी नव्हती आणि तिच्या खांबाला पीटीचे सर सायकल टेकवून ठेवायचे. एवढाच काय तो संबंध.

पर्ड्यूचं गाव वेस्ट लाफायेट. इंडियाना राज्यात, वॉबॅश नदीच्या काठावर. गावाबाहेर पडलं की मका, मग सोयाबीन, मग परत मका. लॅबमधल्या एका स्थानिक पोरानं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "तुझ्या घरी कुणी आययूचं नाही ना?" आययू म्हणजे ब्लूमिंग्टनची इंडियाना युनिव्हर्सिटी, गाडीनं दोन तासांवर. माझ्या घरी कोल्हापुरात आययूचं कोण असणार? पण प्रश्नाचा सूर ओळखीचा होता. शिवाजी पेठेतला की मंगळवार पेठेतला, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आययूकडं पुरुष बास्केटबॉलची पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. पर्ड्यूनं ही स्पर्धा एकदाही जिंकलेली नाही. १९६९ साली पर्ड्यू फायनलला पोचलं होतं, तेव्हा त्यांना हरवणाऱ्या यूसीएलएचा, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, कोच होता जॉन वुडन, जो स्वतः पर्ड्यूकडून खेळून मोठा झाला होता. म्हणजे हरलेही घरच्याच माणसाकडून. ही हकिकत मला त्या पोरानं अशा आवाजात सांगितली, जशी आपल्याकडं पानिपताची सांगतात.

पहिली मॅच मी फुकटात पाहिली. कुणाला तरी ताप आला आणि तिकीट माझ्याकडं आलं. मॅकी अरीना ही १९६७ मध्ये उघडलेली गोल इमारत, वर बसका घुमट, आत चौदा हजारांवर माणसं. आवाज वर जाऊन विरत नाही, तो फिरून परत अंगावर येतो. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात तेव्हा हलगीचा आवाज कानांऐवजी छातीत वाजतो, तसंच. विद्यार्थ्यांच्या गटाला 'पेंट क्रू' म्हणतात. त्यांनी मॅच उभ्यानं बघायची असते. बसलेला माणूस दिसला की शेजारचा त्याच्याकडं असा बघतो, जणू आरती चालू असताना हा मोबाईल बघतोय. समोरचा खेळाडू फ्री थ्रोला, म्हणजे फाऊलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीला, उभा राहिला की सगळ्यांनी मिळून त्याचं लक्ष उडवायचं, आणि आपला उभा राहिला की चौदा हजार माणसं चिडीचूप. त्या शांततेचंच मला जास्त अप्रूप वाटलं. आपल्याकडं एवढी माणसं एकत्र गप्प बसलेली मी फक्त सचिन नव्वदच्या घरात असतानाच पाहिली होती.

पुढच्या वर्षीपासून विद्यार्थ्यांचा सीझन पास काढायला लागलो. पास असला तरी आतली जागा ठरलेली नसते. जो आधी येईल तो पुढं. त्यामुळं मोठ्या मॅचला दारं उघडायच्या कितीतरी आधी रांग लागते, आणि हा सगळा मामला डिसेंबर ते मार्चमधला. उणे दहा तापमानात तीन तास रांगेत उभं राहण्याचं एक शास्त्र आहे, ते मी चुका करत शिकलो. पहिल्या खेपेला दोन जोड मोजे घालून गेलो. बूट घट्ट झाले आणि पाय जास्तच गारठले. बूट एक नंबर मोठा हवा आणि मोजे एकच जोड, पण लोकरीचे. पायाखाली खोक्याचा पुठ्ठा टाकायचा, कारण थंडी फरशीतून वर चढते. कॉफी प्यायची नाही, कारण रांग सोडून बाथरूमला जावं लागतं. मी टीचिंग असिस्टंट होतो, त्यामुळं रांगेत पोरांचे पेपर तपासायचो. त्या गारठ्यात बॉलपेन चालत नाही, पेन्सिल चालते. एका पोरानं नंतर येऊन विचारलं, "माझ्या पेपरवर मार्क पेन्सिलीनं का?" मी म्हटलं, मिशिगन स्टेटची मॅच होती. त्यानं मान डोलावली आणि गेला.

खेळ हळूहळू कळत गेला. कॉलेजच्या मॅचमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, आणि चेंडू हातात आला की तीस सेकंदांत बास्केटकडं मारावाच लागतो. रडीचा डाव खेळायला जागाच नाही. पर्ड्यूचा कोच मॅट पेंटर स्वतः इथंच खेळलेला, २००५ पासून इथंच कोच. त्याच्या आधी त्याचे गुरू जीन केडी पंचवीस वर्षं. कोर्टलाही केडींचंच नाव आहे. दोघांनी मिळून बिग टेन ही आपली साखळी कितीतरी वेळा जिंकली, पण राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चारांत जायचं म्हटलं की गाडी अडायची. १९८० नंतर तोवर एकदाही नाही. केडींना तर एकदाही जमलं नाही.

ही राष्ट्रीय स्पर्धा मार्चात सुरू होते. ६८ संघ, चार विभाग, प्रत्येक विभागात एक ते सोळा मानांकनं. एक हार आणि घरी. परतीचा सामना नाही, नेट रनरेट नाही, 'अमुक हरले तर आपण जाऊ' असलं गणित नाही. वर्षभर तीस-पस्तीस मॅच खेळून जे कमावलं ते चाळीस मिनिटांत जातं. माझ्या मते सर्वोत्तम संघ ठरवायची ही अगदी भिकार पद्धत आहे, आणि मी दर मार्चात तिच्यापुढं रात्री दोनपर्यंत बसलेलो असतो.

३० मार्च २०१९. पर्ड्यू विरुद्ध व्हर्जिनिया, जिंकणारा शेवटच्या चारांत. कार्सन एडवर्ड्स नावाच्या आमच्या बुटक्या गार्डनं त्या रात्री ४२ गुण केले. कुठूनही मारत होता आणि पडत होते. शेवटच्या काही सेकंदांत पर्ड्यू दोन गुणांनी पुढं. व्हर्जिनियाचा फ्री थ्रो चुकला, चेंडू उडून पार मागं गेला, तिथून एकानं लांब पास दिला आणि मामाडी डिआकिटेनं वेळ संपता संपता तो आत घातला. बरोबरी. मग जादा वेळेत ८०-७५ अशी हार. घरात आम्ही सहा जण होतो, कुणी काही बोललं नाही. नंतर आईचा फोन आला. कोल्हापुरात रविवारची सकाळ होती.

"पर्ड्यू हरलं," मी म्हटलं.

"कॉलेज कसं हरेल?" आई म्हणाली. "तुझी परीक्षा आहे का?"

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती सांगण्यात सुख नाही. २०२० ला कोरोनामुळं स्पर्धाच रद्द झाली. २०२१ ला ती पूर्णपणे इंडियानात भरवली, अगदी आमच्या मॅकीतही सामने झाले. पर्ड्यू मात्र तासाभराच्या अंतरावर, इंडियानापोलिसला, तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्सासकडून पहिल्याच फेरीत हरलं. २०२१ च्या डिसेंबरात संघ इतिहासात पहिल्यांदा देशात पहिल्या क्रमांकावर आला. त्याच आठवड्यात रटगर्सच्या एका गड्यानं जवळपास अर्ध्या कोर्टावरून शेवटच्या क्षणी चेंडू मारून आम्हाला पाडलं. २०२२ ला तिसऱ्या फेरीत सेंट पीटर्स, मानांकन पंधरा. एव्हाना लॅबमध्ये माझ्या नावानं एक म्हण रूढ झाली होती: "त्यानं ब्रॅकेट भरलं म्हणजे पर्ड्यू गेलं." ब्रॅकेट म्हणजे कोण कुणाला हरवणार त्याचा तक्ता, दोन-चार डॉलर लावून सगळे भरतात. मी दरवर्षी विजेता म्हणून पर्ड्यूच लिहायचो. कुलदैवताच्या पुढं दुसऱ्या देवाला नारळ फोडायचा का?

याच काळात झॅक ईडी आला. टोरांटोचा, सात फूट चार इंच. लहानपणी बेसबॉल आणि आइस हॉकी खेळणारा, बास्केटबॉलला हायस्कूलच्या मधल्या वर्षांत लागलेला. पहिल्या वर्षी तो कोर्टवर धावायला लागला की लोक कौतुकानं हसायचे, हत्ती मिरवणुकीत पळाल्यासारखं. तिसऱ्या वर्षी तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण मला तो आपला वाटायचं कारण वेगळं आहे. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून पैसे कमवायची मुभा मिळाली. साधे राखीव खेळाडूही गाड्यांच्या शोरूमच्या जाहिरातीत दिसू लागले. ईडी मात्र कॅनडाचा, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे एफ-वन. अमेरिकेत राहून तसली कमाई त्या व्हिसात बसत नव्हती. सबंध देशात ज्याचा चेहरा सगळ्यांत ओळखीचा, त्यालाच तो विकायला बंदी. मलाही आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नव्हतं, तेही कॅम्पसवरच. आमच्या अपार्टमेंटमधल्या पाच देशी पोरांना पिक अँड रोल हा बास्केटबॉलचा साधा डावही कळत नव्हता, पण एफ-वन कळत होता. मॅच बघायला ते तेव्हापासून यायला लागले. ईडीनं चेंडू आत घातला की एक तेलुगू मित्र ओरडायचा, "आय-ट्वेंटी दाखव त्यांना!" आय-ट्वेंटी म्हणजे एफ-वन व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद.

आणि मग १७ मार्च २०२३.

पर्ड्यूला पहिलं मानांकन. समोर सोळावं मानांकन, न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन. मुख्य फेरीत यायलाही त्यांना आधी एक पात्रता सामना जिंकावा लागला होता. देशातल्या साडेतीनशेहून अधिक संघांत सरासरी उंचीनं सगळ्यांत बुटका संघ त्यांचा, आणि आमच्याकडं ईडी. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून त्याआधी एकदाच हरला होता, २०१८ मध्ये व्हर्जिनिया. मी तर वरणभाताचा कुकर लावून बसलो होतो. मध्यंतरापर्यंत जेवण उरकू, असा हिशेब.

कुकर मध्यंतरानंतरही उघडला नाही. त्यांनी ईडीभोवती दोन-दोन, तीन-तीन माणसं उभी केली. एक मागून, एक पुढून, एक हातात चेंडू यायची वाट बघत. अंगणात फणस पडला की पोरं गोळा होतात तसे. मग चेंडू बाहेर आमच्या नेमबाजांकडं यायचा, आणि ते मारायचे, आणि चेंडू रिंगला लागून बाहेर. पुन्हा मारायचे, पुन्हा बाहेर. लांबून २६ वेळा मारले, ५ आत गेले. ईडीचे २१ गुण झाले होते, पण शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत त्याला एकदाही बास्केटकडं चेंडू मारता आला नाही. ६३-५८. टीव्हीवर त्यांचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते आणि आमचा एक पोरगा जर्सीत तोंड खुपसून उभा होता.

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं असेल? १७ मार्च २००७. पोर्ट ऑफ स्पेनला आपण बांगलादेशकडून हरलो ती तारीख. तेव्हा मी शाळेत होतो, बाबांनी मध्यरात्र उलटल्यावर टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "झोप आता." सोळा वर्षांनी तीच तारीख, तसंच पोटात काहीतरी खाली सरकणं. असल्या योगायोगांना अर्थ नसतो हे मला कळतं, मी इंजिनिअर आहे. तरी तारीख बघून अंगावर काटा आला.

फोन मीच लावला. घरी सकाळचे सात वाजायचे होते.

"आई, हरलो."

"काय झालं?" आई घाबरली. "काय हरलास? गाईडनं काही केलं का?"

मग सगळं समजावून सांगावं लागलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, चार वर्षांपूर्वी मी 'पर्ड्यू हरलं' म्हणालो होतो.

त्यानंतर सात-आठ महिने पर्ड्यूचा टी-शर्ट घालून विमानतळावर गेलं तरी कुणीतरी हसून विचारायचं, "सोळा नंबर?" ईडी प्रोमध्ये न जाता परत आला. व्हर्जिनिया २०१८ ला अशीच हरली होती आणि २०१९ ला विजेती झाली होती, आमच्याच छाताडावर पाय देऊन. पर्ड्यूच्या प्रत्येक माणसाला हे तोंडपाठ होतं आणि कुणीही ते मोठ्यानं बोलत नव्हतं.

२०२४ च्या मार्चात पुन्हा पहिलं मानांकन. पहिल्या फेरीत ग्रॅम्बलिंग स्टेटला ७८-५० असं हरवलं. ती मॅच मी एकट्यानं, दार लावून बघितली. मग युटा स्टेट, मग गोंझागा. आता टेनेसीला हरवलं की शेवटच्या चारांत, सामना डेट्रॉइटला, ३१ मार्चला. आम्ही चौघं एका गाडीतून पहाटे निघालो. तिकिटाला किती पडले ते मी आजतागायत घरी सांगितलेलं नाही. सांगितलं ती रक्कम निम्म्याहून कमी होती.

त्या मॅचबद्दल मी दोन तास बोलू शकतो, पण थोडक्यात: टेनेसीचा डाल्टन नेक्ट ३७ गुण करत होता आणि ईडी ४० करत होता. दोन पैलवान लागले होते, बाकी आखाड्याच्या कडेला. शेवटच्या मिनिटात नेक्ट बास्केटकडं घुसला. आमच्या वरच्या रांगेतून ते उलट्या दुर्बिणीतून पाहिल्यासारखं दिसत होतं. ईडीचा हात आला आणि चेंडू गेला. ७२-६६. माझ्या शेजारी साठी उलटलेले एक अनोळखी गृहस्थ होते, जुना पिवळा-काळा स्वेटर घातलेले. १९८० ला ते विद्यार्थी होते. त्यांनी माझा खांदा धरला आणि रडले. मीही रडलो. नाव विचारायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सहा एप्रिलला एनसी स्टेटवर ६३-५०. ती मॅच मी घरच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून बघितली, म्हणून फायनलही तिथंच बसून बघणं आलं. मित्र म्हणाले, बाहेर सगळ्यांबरोबर बघू. मी म्हटलं, जागा सोडायची नाही. क्रिकेट बघणाऱ्या घरात वाढलेल्यांनी जास्त वाद घातला नाही.

फायनल आठ एप्रिलला, रात्री सव्वानऊनंतर, यूकॉन म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाविरुद्ध. आणि त्याच दुपारी इंडियानावरून खग्रास सूर्यग्रहण. वेस्ट लाफायेट खग्रास पट्ट्याच्या जरासं बाहेर होतं, इंडियानापोलिस आत. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सोमवती अमावस्या, वर ग्रहण, आणि त्याच दिवशी तुमची फायनल? हे वेळापत्रक ठरवलं कुणी?" मग म्हणाली, "इथं दिसणार नाही म्हणून आम्ही पाळायचं नाही, पण तू तिथं आहेस. काही खाऊ नकोस. सुटल्यावर आंघोळ कर."

दुपारी आम्ही इंडियानापोलिसला गेलो. तीन वाजून गेल्यावर अंधारलं, हवा गार झाली, पार्किंगमधले दिवे आपोआप लागले, आणि साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ सूर्याच्या जागी एक काळं भोक. त्याच्याकडं बघत कुणीतरी पर्ड्यूची घोषणा दिली, "बॉयलर अप!" सगळं पार्किंग हसलं. परतीला महामार्ग क्रमांक ६५ वर गाड्यांचा असा चक्का जाम, की तासाभराच्या रस्त्याला तीन तास लागले. घरी पोचलो तेव्हा पोटात काही नव्हतं. आईचं ऐकलं म्हणून नाही, वाटेत थांबायची हिंमत नव्हती म्हणून.

यूकॉन आदल्या वर्षीचे विजेते. त्यांनी फेअरली डिकिन्सनच्या अगदी उलट केलं. ईडीला एकाच्याच अंगावर सोडलं, घे म्हणाले किती घ्यायचे ते. बाकी चौघांना मात्र श्वास घेऊ दिला नाही. वर्षभर लांबून धडाधड मारणारा आमचा संघ त्या रात्री लांबून फक्त सातदा मारू शकला, त्यातला एक आत. मध्यंतराला सहा गुणांनी मागं होतो, म्हणजे आशा होती. नंतर सात-आठ मिनिटांत तीही गेली. ७५-६०. मी डाव्या कोपऱ्यातून उठलो नव्हतो.

टीव्ही बंद केला तेव्हा पावणेबारा झाले होते. फोन वाजला, व्हिडिओ कॉल. कोल्हापुरात नऊ एप्रिलची सकाळ, पाडवा. आईनं आधी कॅमेरा गॅलरीकडं फिरवून गुढी दाखवली. हिरवं जरीचं वस्त्र, तांब्या, गाठी, कडुनिंबाचा डहाळा. बाबा मागं पेपर वाचत होते. मग तिनं फोन स्वतःकडं वळवला आणि माझा चेहरा बघितला.

"हरलो होय?"

"हो."

"कितीनं?"

"पंधरानं."

"आणि त्या उंच पोरानं किती केले?"

"सदतीस."

"मग बाकीचे काय करत होते?" आई म्हणाली. आणि लगेच, "आंघोळ केलीस का ग्रहण सुटल्यावर?"

केली नव्हती.